तीन हातांचा काळा लॅम्प ‘ओरिजिनल फ्रेंच’ म्हणून 40 हजार सांगालेत, घेऊ का? (आणि दुसरा एक प्लास्टरचा पण आहे)

टिळकवाडीकर:

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत राहतो, नोकरी बँकेत, आणि नाद जुन्या लॅम्पचा. समया, कंदील, पेट्रोमॅक्स असलं नव्हे ओ, ते आजीनं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलेलं घरात आहेच. मला हवेत ते 1950-60 च्या दरम्यानचे, नेटवर ज्यांना मिड-सेंच्युरी म्हणतात, बटण बंद असलं तरी बघत बसावं वाटतं असले, म्हणजे अर्धं शिल्प अर्धा दिवा. आत्तापर्यंत किरकोळ दोनचार वस्तू जमवल्यात, बहुतेक भंगारवाल्याकडनं, त्यामुळं मोठे पैसे कधी घातले नाहीत.

आता दोन चीजा समोर आल्यात आणि डोकं चालेना झालंय. पहिली, चोर्ला घाट उतरून गोव्याकडं एक जुन्या फर्निचरचं दुकान आहे तिथं. उभा लॅम्प, माझ्या डोक्याच्या वर जातो, खाली तीन बारीक पाय, वरनं तीन लांब वाकलेले हात तीन दिशांना, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला काळी टोपी, आतून पांढरी. दुकानदार म्हणतो हा सर्ज मुई, म्हणजे त्या नावाच्या फ्रेंच डिझायनरचा, 1953 चा, पॅरिसहून एका गोवेकर कुटुंबानं आणलेला. सांगितले 40 हजार, मी नुसतं "हं" म्हटलं तर लगेच 32 वर आला. दिसायला जबरदस्त आहे, खोटं कशाला बोलू.

दुसरी, इथंच कॅम्पात एक जुना बंगला रिकामा करालेत, तिथल्या मंडळींनी सामान विकायला काढलंय. टेबल लॅम्प आहे, हातभर उंच. नाचणारी बाई, काळ्या रंगाची, त्यावर सोनेरी शिंतोडे मारल्यासारखे, बाईच्या मागून दांडा वर गेलाय आणि त्यावर दोन मजली शेड, खरखरीत, पिवळट, कडेनं दोरा ओवलेला. कोपरापाशी एक टवका उडालाय आणि आत पांढरंफेक दिसतंय. प्लग चपट्या दोन पिनांचा. त्या घरातला कोणीतरी अमेरिकेला होता म्हणे. ते 4 हजार म्हणतात, बहुतेक साडेतीनला देतील.

बायको म्हणते पहिला घेतला तर हॉलमध्ये बाकी काही ठेवायला नको, आणि दुसरा बघून म्हणाली हे रात्री पाणी प्यायला उठल्यावर भूत उभारल्यासारखं दिसणार. तिचं मत धरून चालू नका, ती ट्यूबलाइटवाली आहे.

तर विचारायचं असं, की पहिला खरा आहे का कसं ओळखायचं, दुसऱ्याला काही किंमत आहे का, आणि तो चपट्या पिनांचा इथं लावला तर उडणार का? फोटो रात्री टाकतो, ऑफिसातनं लिहालोय.


जुनाबाजार_अण्णा:

फोटो बघायची पण गरज नाही मर्दा, 32 हजारात सर्ज मुई मिळत नसतो. आता का ते सांगतो, जरा लांबण लागणार, चहा घेऊन बस.

हा मुई मूळचा चांदीकाम करणारा माणूस. हातोडीनं पत्रा ठोकून आकार काढायचं शिक्षण झालेलं. 1950 नंतर पॅरिसमध्ये दिव्यांकडं वळला, तिथं त्या वेळी इटलीच्या लॅम्पची चलती होती आणि त्याला ते फार गुंतागुंतीचे वाटायचे, म्हणून यानं काय केलं, नुसत्या काळ्या रेघा हवेत वाकवल्या आणि टोकाला टोप्या बसवल्या. तो तीन हातांचा उभा लॅम्प 1953 चा, एवढं दुकानदार बरोबर बोलला. पण हे सगळं छोट्या वर्कशॉपात हातानं चालायचं, माल थोडका निघाला, आणि 1960 नंतर काही वर्षांत त्यानं ते बंदच केलं. म्हणून आज खरा जुना नग लिलावात गेला की आकडा ऐकून आपण पाणी पितो. बरं, जुना सोड, त्याच्या पश्चात घरच्यांनी अधिकृत उत्पादन परत सुरू केलं, ते आजही चालू आहे, त्यातला नवाकोरा तीन हातांचा घ्यायचा म्हटलं तरी काही लाख मोजावे लागतात. त्या अधिकृत नगावर ‘एसएम’ शिक्का आणि नंबर असतो. तर जिथं नवा काही लाखाला जातो तिथं जुना 40 ला, आणि तू "हं" म्हटल्यावर 32 ला? एका हुंकारात आठ हजार पडतात तिथं दुकानदाराला पण माहिती असतं तो काय विकालाय.

तरी जाणार असशील तर खिशात एक चुंबक टाक. टोप्या मूळच्या अॅल्युमिनियमच्या. चुंबक चिकटलं की विषय संपला, उठून ये. नाही चिकटलं तर मात्र हुरळू नको, चांगल्या कॉप्या पण अॅल्युमिनियमच्याच असतात, म्हणजे या परीक्षेत नापास होता येतं, पास होता येत नाही. मग टोपी उलटी करून आत बघ. पन्नास-साठ साली आत पिवळा बल्ब लागायचा, तो तापायचा, त्यानं पांढरा रंग बल्बच्या भोवती पिवळा पडतो, बारीक तडे जातात, कडेला मात्र पांढरा राहतो. सगळीकडं सारखाच पांढरा असेल तर तो लॅम्प तुझ्यामाझ्यापेक्षा लहान आहे. बाहेरचा काळा रंग नखानं बघ, मोसंबीच्या सालीसारखे बारीक खड्डे सगळीकडं एकसारखे दिसले तर ती पावडर कोटिंग, म्हणजे अलीकडचा रंग. आणि होल्डर, प्लग, वायरीवर कुठं ‘सीई’ अशी दोन अक्षरं छापलेली दिसली तर ती युरोपात नव्वदच्या दशकात आली, 1953 च्या लॅम्पवर ती असायचं कारण नाही. आता वायर नंतर बदललेली असू शकते हे खरं, पण चिकटवलेलं लेबल बेसच्या खाली असलं तर ते कोणी बदललेलं नसतं.

टोपीच्या मागं जिथं ती हाताला जोडते तो पितळी सांधा हलवून बघ. खऱ्यात टोपी जिथं सोडशील तिथं थांबते. कॉपीत चार दिवसांनी मान टाकते.

आता माझं मत. कॉपी म्हणून कॉपी घेण्यात काही वाईट नाही, मी स्वतः विकतो, पण कॉपी म्हणून सांगून विकतो. तुला आकार आवडलाय ना, मग 7-8 हजाराला मागून बघ, देईल. नावाचे पैसे मात्र कागद असल्याशिवाय द्यायचे नाहीत. "गोवेकर कुटुंबानं पॅरिसहून आणला" ही गोष्ट आहे, बिल नव्हे. मी पुण्यात जुन्या बाजारात बसायचो तेव्हा प्रत्येक घड्याळ कुठल्यातरी संस्थानिकाचं असायचं.


रायबाग_एक्सप्रेस:

40 हजारात आमच्याकडं म्हैस येत नाही पण निम्मी तरी येते. लॅम्प दूध देणार का ओ?


उद्यमबाग_फिटर:

^ म्हशीला पण प्लग लागत नाही, आता गप बसा.

टिळकवाडीकर साहेब, दुसऱ्या लॅम्पच्या वायरिंगचं मी सांगतो. चपट्या दोन पिना म्हणजे अमेरिकन, 110-120 व्होल्टचा. लोक घाबरून ट्रान्सफॉर्मर विकत घेतात, त्याची गरज नसते. साध्या लॅम्पमध्ये आत असतं काय, वायर, एक बटण, एक होल्डर. व्होल्टेज बल्बला कळतं, वायरीला इन्सुलेशन धड असलं की झालं. म्हणजे बल्ब आपला 230 चा लावला की काम झालं. फक्त त्यात हात लावला की पेटतो असला टच डिमर असेल किंवा ट्यूबसाठी चोक असेल तर ते काढावं लागणार, 1950 च्या असल्या लॅम्पमध्ये ते बहुतेक नसतंच.

पण, आणि हा पण मोठा आहे, जुन्या वायरीवर तो लावून बघू पण नका. "एकदा पेटवून दाखवा" असं विकणाऱ्याला म्हणू नका. रबराचं इन्सुलेशन सत्तर वर्षांत बिस्किट होतं, बाहेरनं चांगलं दिसतं, वाकवलं की आत चुरा. पूर्ण नवीन ओढायची, 0.75 चौरस मिमीची तीन कोर, कापडी वेणीची पण मिळते, ती जुन्याला शोभते. तिसरी कोर अर्थिंगची. अमेरिकन लॅम्पला अर्थिंग नसतेच, दोनच वायरी, पण बाई प्लास्टरची असली तरी आतनं लोखंडी पोकळ दांडा वरपर्यंत गेलेला असतो, वर होल्डर धातूचा, शेड धरणारी ती तारेची कमान धातूची, आणि बल्ब बदलताना तुमचा हात तिथंच जाणार. दांड्याला अर्थ मारायची, प्लग तीन पिनांचा 6 अँपिअरचा. फेज होल्डरच्या मधल्या टिकलीला, न्यूट्रल बाहेरच्या आट्यांच्या कड्याला, हे उलटं झालं तर बल्ब फिरवताना आट्याला बोट लागलं की कळेल.

आता खरी गंमत तिथं आहे. तुम्ही होल्डर बदलायला जाणार, बाजारातनं आपला आणणार आणि तो बसणार नाही. दांडा बघायला 10 मिमीच्या आसपासच, आपल्या होल्डरला पण 10 मिमीचंच भोक, पहिले दोन फेरे झकास जातात आणि मग अडकतो. कारण अमेरिकन दांड्याला इंचात 27 आटे, आपल्याकडच्याला 1 मिमीचा पिच, म्हणजे इंचाला पंचवीस-साडेपंचवीस. इलेक्ट्रिशियन लोक पाना लावून दाबतात, आटे मरतात, मग एमसील. तसं करू देऊ नका. उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याला एक पितळी बुश करायला सांगा, आतनं 27 चे आटे, बाहेरनं आपले. चहापाण्याच्या खर्चात करतो. दांड्याची काठ वायरीला कापते, त्या तोंडाला प्लास्टिकचं बुश घाला, आणि होल्डरच्या आत वायरीला गाठ मारा म्हणजे कोणी वायर ओढली तर ताण गाठीवर जातो, स्क्रूवर नाही.

जुना होल्डर टाकू नका हां. पिशवीत घालून, वर लिहून ठेवा. उद्या विकायचा झाला तर घेणारा तो मागतो.

बल्ब एलईडी 6-7 वॉट, 2700 केल्विनचा, तो दुधी पिवळा उजेड. पांढरा 6500 लावलात तर घराचं मेडिकल दुकान होईल. एलईडी तापत कमी असल्यानं शेड पण वाचते.


निपाणीची_मावशी:

अरे तो दुसरा घे की रे बाबा! वर सगळे त्या फ्रेंचच्या मागं लागलेत आणि खरी वस्तू तिकडं कॅम्पात टवका उडालेला कोपर घेऊन बसलीय.

असले प्लास्टरचे लॅम्प अमेरिकेत 1950 च्या दशकात मध्यमवर्गीय घराघरात असायचे. दोन-दोनच्या जोडीनं विकायचे, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना. नाचणारी जोडपी, काळे चित्ते, असल्या मूर्ती. डिझायनरचं नाव नाही, संग्रहालयवाले तेव्हा नाकं मुरडायचे. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं तर त्याच सुमाराला स्वस्त आणि चांगल्या डिझाइनच्या लॅम्पची स्पर्धा घेतली, निवडलेले दहा लॅम्प कारखान्यात बनवून 1951 ला मांडले, सगळे सडपातळ नळ्या, तारा आणि साध्या टोप्यांचे. ते आज पुस्तकात आहेत, आणि ही नाचणारी बाई लोकांच्या घरात होती. मला विचारशील तर त्या काळाचा खरा वास हिलाच. ज्याची त्याची आवड.

तुझी जोडीतली एक असणार. त्या घरात विचार, दुसरी कुठं माळ्यावर आहे का. बहुतेक पुरुष असतो तिच्याबरोबर. जोडी मिळाली तर किंमत दुप्पट नाही, त्याहून जास्त होते.

आता तपासायचं कसं. लॅम्प आडवा कर (शेड काढून!) आणि बुडाखाली बघ. हिरवं किंवा तपकिरी फेल्ट चिकटवलेलं असणार, त्याचा एक कोपरा उचल, खालचं रंग न लागलेलं अंग नखानं खरवड. पांढरी भुकटी नखात आली तर प्लास्टर. टणक लागलं, नख घसरलं, तर सिरॅमिक. तुझ्या वर्णनावरनं प्लास्टरच आहे. काही जणांवर बुडापाशी मागच्या बाजूला साच्यातच कोरलेलं कंपनीचं नाव किंवा साल असतं, रंगाच्या थरात बुजलेलं, टॉर्च तिरका धरून बघ, सरळ धरलास तर दिसत नाही.

आणि हे नीट वाच. तिला पाणी लावायचं नाही. ओल्या फडक्यानं पण नाही. आपल्या बायका पाहिलं की आधी ओलं फडकं घेतात (मी पण त्यातलीच), पण हा रंग प्लास्टरवर नुसता बसलेला असतो, पाणी आत गेलं की फुगतो आणि पापुद्रा सुटतो. कोरडा मऊ ब्रश, रंगकामाचा नवा ब्रश चालतो. शेड मात्र फायबरग्लासची आहे, ती खरखर म्हणजे तेच, ती काढून कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचं लिक्विड घालून मऊ ब्रशनं धुतली तरी चालते, लगेच पुसून सावलीत वाळव. थिनर, सॅनिटायझर जवळ आणू नको. कडेचा ओवलेला दोरा ठिसूळ झालेला असतो, तिथं ब्रश दाबू नको, तुटला तर परत ओवता येतो पण भोकं फाटली तर शेड गेली.

कोपराच्या टवक्यासाठी बेळगावात काळजी कसली करतोस! गल्लोगल्ली गणपतीचे मूर्तिकार आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिसचा टवका भरणं हे त्यांच्या डाव्या हाताचं काम. फक्त गणपतीच्या आधी दोन महिने जाऊ नको, दारात उभं करणार नाहीत. दिवाळी झाल्यावर जा. आणि एक बजावून सांग, की फक्त टवका भरायचा, रंग तेवढ्याच जागी. ते प्रेमानं सगळी बाईच नवीन रंगवून देतील, वर दागिने घालतील. मग तुझ्याकडं नवी मूर्ती राहील, जुना लॅम्प नाही.


खानापूर_राजा:

मावशी, दागिने घालतील 😂 अगदी खरं ओ.

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. तुम्ही सगळे ओरिजिनल ओरिजिनल करालाय, पण यातली निम्मी मंडळी स्वतःच कारागिराकडं जाऊन बसलेली होती. इसामु नोगुची घ्या. मोठा शिल्पकार, 1951 ला जपानात गिफू गावात गेला, तिथं कागदी कंदील करायचा पिढीजात धंदा, बांबूच्या सळ्या आणि तुतीच्या सालीचा कागद. त्यानं तेच कंदील घेऊन आकार बदलले, वाकडे, लांबट, खोके, काय वाट्टेल ते, आणि ‘आकारी’ म्हणून जगभर गेले. ते अजून गिफूतच त्याच घराण्याकडं बनतात. 1986 ला व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेचा कलाकार म्हणून गेला तेव्हा यानं हे कागदी दिवे नेऊन मांडले, संगमरवरी कामाच्या शेजारी. लोकांना रुचलं नाही म्हणतात, पण माणूस ठाम होता.

मग आपल्याकडं काय कमी आहे? खानापुरात कुंभारकाम आहे, त्याचं शिकवणारं केंद्र पण इथंच आहे, गोकाकला लाकडी खेळणी आणि फळं करणारे आहेत, हलक्या लाकडाची, रंगवलेली, उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत ज्या इंजिनाचे पार्ट ओततात. एक लॅम्पचा बेस ओतायला त्यांना काय लागतंय. 32 हजार त्या गोवेवाल्याला देण्यापेक्षा कुंभाराला पाच द्या, आकार काढून द्या. मी मातीचे दोन करून घेतलेत, भोकं पाडलेले, एकाला भाजताना तडा गेला तो तसाच वापरालोय, उजेड त्या तड्यातनं पण येतो, बरा दिसतो.

आणि आकारी म्हणून बाजारात जे पांढरे गोल कागदी दिवे मिळतात ते घेताना शिक्का बघा, खऱ्यावर लाल सूर्य आणि चंद्रकोर असते. तसंही आपल्याकडं जूनपासनं कागद टिकवणं म्हणजे शिक्षा. ओल, कसर, आणि पाली. पालीनं एकदा आत संसार मांडला की रात्री सावली बघत बसायची.


जुनाबाजार_अण्णा:

राजा, करून घे की, कोण नको म्हणतंय, पण ते जमवणं झालं नाही, ते बनवणं झालं. वेगळा नाद आहे. मला नवीन मातीचा दिवा आवडेल पण 1955 च्या माणसानं टेबलावर काय ठेवलं होतं ते त्यातनं कळणार नाही.

फाउंड्रीवरनं आठवलं, टिळकवाडीकर, बेस ओतून घेणारे लोक वजन विसरतात. इटलीत कास्तिल्योनी बंधूंचा 1962 चा आर्को आहे ना, जमिनीवरनं कमान करून टेबलाच्या डोक्यावर येणारा, त्याचा संगमरवरी ठोकळा साधारण 65 किलोचा. का, तर कमान दोन मीटरच्या वर पुढं येते, टोकाला दिवा, मागं तेवढं वजन नको? आणि ठोकळ्यात आरपार एक भोक आहे, लोकांना वाटतं शोभेचं, ते झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायला. आपल्याकडं मिळणाऱ्या कॉप्यांत ठोकळा निम्म्या वजनाचा, कधी आत सिमेंट, वर मार्बलचा पातळ थर. घरात पोरंबाळं असतील तर असली कॉपी फुकट पण घेऊ नका.

अजून एक, तू कॅम्पातल्या बंगल्यात जातोयस म्हणून. तिथं स्प्रिंगवाले टेबल लॅम्प आहेत का बघ, वाकणाऱ्या हाताचे, खाली पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी बेस. इंग्लंडात मोटारीच्या सस्पेन्शनचा एक इंजिनिअर होता, जॉर्ज कारवर्डाइन, त्यानं स्प्रिंगांचा हिशेब लावून 1932 ला पेटंट काढलेला तो अँगलपॉइज. मिलिटरीच्या गावांत, मिलच्या ऑफिसांत हे आलेले असायचे. हाताच्या पट्टीवर नाहीतर वरच्या टोपीवर ‘हर्बर्ट टेरी, रेडिच’ असा ठसा असतो. लोक त्याला भंगार समजून किलोवर देतात. तसला दिसला तर आधी तो काखोटीला मार, मग बाईकडं बघ.


कोर्टगल्ली:

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या पुराणवस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळं 1950 चे लॅम्प त्यात बसत नाहीत, घ्या-विका, नोंदणीची भानगड नाही. जुन्या मूर्ती किंवा मूर्ती असलेल्या ब्राँझच्या समया घेताना मात्र वयाची चौकशी करा, तिथं नियम वेगळा.

दुसरं, ‘चंदीगड’ म्हणून कोणी लॅम्प किंवा खुर्ची विकायला आणली तर सांभाळून. ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे या आर्किटेक्टांनी तिथल्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या वस्तू भंगारात निघाल्या आणि परदेशात लिलावात लाखोंनी गेल्या, त्यानंतर 2011 ला केंद्रीय गृहमंत्रालयानं असल्या वारसा वस्तूंच्या विक्रीवर निर्बंधाचा आदेश काढला. सरकारी खात्याचा नंबर रंगवलेला असेल तर खात्यानं रीतसर लिलाव केल्याचा कागद मागा. अण्णा वर बोलले तेच, गोष्ट नको, बिल हवं.

घराचं सामान विकणाऱ्यांकडनं पण साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घ्या. भावाभावांत वाटणी चालू असलेल्या घरातनं वस्तू उचलली तर दुसरा भाऊ आठ दिवसांनी तुमच्या दारात येतो. बेळगावात वाटण्या किती वर्षं चालतात हे मी सांगायला नको, माझं पोट त्यावरच आहे.


टिळकवाडीकर:

मंडळी लई लई आभार. एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं.

घडलं ते सांगतो. रविवारी गोव्याकडं उतरलो, चुंबक खिशात. टोप्यांना चिकटलं नाही, त्यामुळं दुकानदार खूश, म्हणाला बघा ओरिजिनल. मग टोपी उलटी केली. आत पांढरंशुभ्र, आंघोळ घातल्यासारखं, बल्बच्या भोवती सुद्धा डाग नाही. सांध्यात टोपी वर केली आणि सोडली तर हळूहळू खाली, अण्णा म्हणाले तशी मान टाकली. बेसच्या खाली लेबल नव्हतं, पण लेबल खरवडल्याची चौकोनी चिकट जागा होती, त्यावर धूळ बसून काळी झालेली. मी काही बोललो नाही, 7 हजार म्हटलं. तो म्हणाला "साहेब चेष्टा करताय काय". मी निघालो. गाडीपर्यंत येऊन 15 म्हणाला. तिथंच सोडला. अजून मनात आहे पण खरं सांगतो, 10 च्या खाली आला तर जाऊन आणीन, कॉपी तर कॉपी, पॉवर कोटिंग का पावडर कोटिंग जे असेल ते. फक्त सांध्याला काही करता येईल का फिटर साहेब?

बाई मात्र घरी आली! साडेतीनला. खाली फेल्ट उचललं, नखात पांढरी भुकटी. टॉर्च तिरका धरल्यावर मागं बुडापाशी आकडे दिसाले, 19 आणि पुढं 5, शेवटचा आकडा रंगात भरलाय, तो मी उकरला नाही. जोडीतला पुरुष होता म्हणे, त्यांच्या मुंबईच्या बहिणीकडं गेलाय, तिला फोन लावून देतो म्हणाले, बघू. दोन ओळींवर सही पण घेतली, दोघा भावांची.

अण्णा, अँगलपॉइज नव्हता. एक वाकड्या मानेचा टेबल लॅम्प होता पण तो साधा, स्प्रिंगा नाहीत.

आता अडचण शेडची. त्या तारेच्या कमानीवर शेड ठेवून वरनं स्क्रू टाइप टोपण लावायचं असतं ते टोपणच नाही. आत्ता शेड नुसती ठेवलीय, पंखा लावला की डुलते. कुठं मिळेल?


उद्यमबाग_फिटर:

टोपण अमेरिकन आट्याचंच लागणार, इथं दुकानात मिळायचं नाही. कमानीच्या वरचा तो छोटा बोल्ट काढून आणा, खाली नट असेल, सुटतो. लेथवर पितळी टोपण करून देतो, बुशबरोबरच होऊन जाईल. डिझाइन सांगा, गोल करू का थेंबासारखं. आणि कमान खालनं कशी बसवलीय ते बघून या, दोन बाजूंना दाबून वर उचलली की सुटते, ओढू नका.

काळ्या लॅम्पच्या सांध्याचं बघू, आत फायबरचा वॉशर झिजलेला असेल तर घालता येतो, पितळेचा गोळाच लहान असेल तर काही होत नाही. आधी 10 ला मिळू दे.


निपाणीची_मावशी:

थेंबासारखं नको, गोल कर, आणि चकचकीत पॉलिश मारू नको, बाकी पितळ जुनं आणि टोपण नवरीसारखं दिसेल. तसंच राहू दे, वर्षात आपोआप मळतं. आणि टिळकवाडीकर, घरात कोणी पितांबरी घेऊन त्या दांड्याकडं निघालं तर आडवा पड. वरचा सोनेरी थर बहुतेक नुसता मुलामा आहे, घासला की खालचं लोखंड.

फोटो टाकतो म्हणाला होतास त्याचं काय झालं?